कॅलाबारची विषवेल व तिचें दिव्य

आपल्या व्यवहारशास्त्रांत तुला, अग्नि, जल, विष व कोश अशीं पांच दिव्यें याज्ञवल्क्यानें सांगितलीं आहेत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. यांपैकीं अग्नीचें दिव्य व त्याच्याच जातीचें रवादिव्य हीं मराठी निवाडपत्रांतून व महजरांतून पुष्कळ वेळां भेटतात. वतनाच्या तंट्यांत तापल्या तेलातुपांतून रवा काढणें, मग हातास पिशवी घालून तीवर मोहर करणें, आणि ठरल्या दिवशीं सर्वांसमक्ष पिशवी सोडून हात पाहणें, हा विधि आमच्या संग्राहकांच्या नजरेखालून अनेकदां गेलेला आहे. विषदिव्याची गोष्ट निराळी. तें पोथ्यांत सविस्तर आहे. परंतु आमच्या पाहण्यांत आलेल्या कागदांत तें एकदांहि आलेलें नाहीं. त्यामुळें विष देऊन न्याय करण्याची रीत प्रत्यक्षांत कशी चालत असेल, हें समजून घेण्यास आपणांस दुसरीकडे पाहावें लागतें. असें एक ठिकाण पश्चिम आफ्रिकेंत आहे. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विषदिव्य राजरोस चालत असे, तें एका रानवेलीच्या बियांनीं होई, व तें पाहिलेल्या लोकांचे लेख उपलब्ध आहेत. त्या वेलीचा व त्या दिव्याचा वृत्तान्त येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास दुसरेंहि एक कारण आहे. या दिव्यासंबंधानें एक समजूत पुस्तकांतून सर्वत्र रूढ झाली आहे. ती आम्हांस टिकण्यासारखी वाटत नाहीं, आणि तिची परीक्षा करण्यास आपले स्मृतिग्रंथ चांगले उपयोगी पडतात.

ओल्ड कॅलाबार हें बंदर आजच्या नायजेरिया देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, क्रॉस नदीच्या मुखाजवळ आहे. तेथील एफिक लोक मोठे व्यापारी. ड्यूक टाउन, क्रीक टाउन, ओल्ड टाउन अशा त्यांच्या वसाहती होत्या, व त्यांच्या प्रमुखांस इंग्रज दर्यावर्दी 'राजा' म्हणत. अठराव्या शतकांत हें बंदर गुलामांच्या व्यापाराचें मोठें ठाणें होतें; पुढें तो व्यापार बसल्यावर पामतेलाचा व्यापार त्याच्या जागीं आला. या मुलखांतील ओढ्यानाल्यांच्या कांठच्या दाट रानांत ही वेल वाढते. घेवडा, वाल, खाजकुइली ज्या कुळांतील, त्याच कुळांतील ती होय. खोड काष्ठमय, एक ते दोन इंच जाड. आधारास झाड मिळालें म्हणजे ती पन्नास फुटांपर्यंत चढते. पानें घेवड्याप्रमाणें तीन तीन दलांचीं, फुलें जांभळट गुलाबी व लोंबत्या घोसांनीं येणारीं. शेंग सहासात इंच लांब; तींत दोन किंवा तीन बिया. बी सुमारें एक इंच लांब, गडद तपकिरी, आणि तिच्या बहिर्गोल कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली एक लांब खांच. चवीला ती साध्या घेवड्यासारखीच लागते. कडू नाहीं, तिखट नाहीं, जिभेस कसलाहि इशारा नाहीं.

वनस्पतिशास्त्रांत या वेलीस 'फायसोस्टिग्मा वेनेनोसम' असें नांव आहे. तें एडिंबर्गचे अध्यापक जॉन हटन बाल्फोर यांनीं १८६० च्या सुमारास दिलें. पहिल्या पदांत 'फायसा' म्हणजे फुगा व 'स्टिग्मा' म्हणजे स्त्रीकेसराचें टोक, असे दोन ग्रीक शब्द आहेत. दुसरें पद लॅटिन असून त्याचा अर्थ विषारी. स्त्रीकेसराच्या टोकावर टोपीसारखें एक उपांग असतें, तें पोकळ आहे असें समजून हें नांव पाडलें गेलें. वस्तुतः तें भरीव आहे. नांव मात्र कायम राहिलें. योगापेक्षां रूढि बलवत्तर हा आमच्या व्याकरणाचा न्याय वनस्पतिशास्त्रासहि लागू आहे म्हणावयाचा.

एफिक लोक या बीस 'एसेरे' म्हणत. दिव्याचा प्रसंग बहुधा मृत्यूचा असे. गांवांतील एखादा मोठा मनुष्य वारला, कीं तो 'इफोट' म्हणजे चेटकानें मारला गेला असें मानीत. आणि मृताच्या बायका, आप्त, गुलाम, प्रतिस्पर्धी यांपैकीं ज्यांवर संशय येई त्यांस एसेरे घ्यावी लागे. बिया कुटून पाण्यांत कालवून तें पाणी पाजीत, किंवा बिया चावून खावयास लावीत. वांती होऊन विष पडलें तर मनुष्य खरा झाला. न पडतां तो कोसळला तर गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षाहि झाली. न्याय व दंड यांत येथें अंतरच नव्हतें. दुसराहि एक प्रकार होता. दोघांत वैर पडलें तर एक बी दुभंगून दोघांनीं अर्धी अर्धी खावी. अर्धी बी प्रौढ माणसास मारण्यास पुरेशी असल्यामुळें दोघेहि प्रतिपक्षी मेल्याचें नमूद आहे. १८५२ सालीं ड्यूक टाउनचा राजा पहिला आर्चिबाँग वारला, तेव्हां असाच आरोप होऊन गांवांतील कित्येकांस एसेरे घ्यावी लागली. म्हणजे हें केवळ दासदासींवर येणारें संकट नव्हतें. सत्तेच्या भांडणांत प्रतिष्ठितहि त्यांत सांपडत.

या गोष्टी ज्यांनीं लिहून ठेविल्या ते सर्व परके होते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. विल्यम फ्रीमन डॅनियल या इंग्रज लष्करी वैद्यानें १८४६ सालीं छापलेल्या निबंधांत या दिव्याचा उल्लेख केला. त्याच सालीं स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी कॅलाबारास आले. त्यांचे पुढारी होप वॉडेल यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केलेलें आत्मवृत्त हें या विषयाचें मोठें साधन आहे. तत्कालीन लेखांत असेंहि सांगितलें आहे कीं, राजाज्ञेनें ही वेल जेथें दिसेल तेथें उपटून टाकीत, व न्यायाच्या कामापुरत्या थोड्याच वेली राखून त्यांच्या बिया राजाच्या ताब्यांत ठेवीत. हें खरें असल्यास आमच्या मतें फार महत्त्वाचें आहे. कारण विष ज्याच्या कोठारांत, निवाडाहि त्याच्याच हातांत.

एफिकांच्या स्वतःच्या हातचें असें एक जुनें लिखाण होतें, तें येथें सांगितलें तर हस्तलिखितांच्या संग्राहकांस रुचेल. अंतेरा ड्यूक नांवाच्या एफिक व्यापाऱ्यानें १७८५ ते १७८८ या वर्षांत बंदरावरील मोडक्यातोडक्या इंग्रजींत रोजनिशी लिहिली होती. जहाजें केव्हां आलीं, माल काय दिला, कोण वारला, कोणाच्या अंत्यविधीस किती गुलामांचे शिरच्छेद झाले, हें तींत आपल्याकडील जमाखर्चाच्या वहीसारखें निर्विकारपणें मांडलें आहे. ही वही एडिंबर्ग येथें चर्चच्या दप्तरांत विल्की नांवाच्या मिशनऱ्यास १९०७ सालीं सांपडली. मूळ वही दुसऱ्या महायुद्धांत नष्ट झाली. विल्की यांनीं उतरून घेतलेला भाग तेवढा राहिला, व तो १९५६ सालीं छापून निघाला. उतारा करून ठेवणें हें किती मोलाचें काम आहे, हें आमच्या मंडळींस पटवावयास नकोच.

मिशनऱ्यांनीं या बिया एडिंबर्गास पाठविल्या. तेथील प्रसिद्ध विषवैद्य रॉबर्ट क्रिस्टिसन यांनीं १८५५ सालीं त्यांचा प्रयोग प्रथम स्वतःवर केला. एका रात्रीं त्यांनीं बीचा आठवा हिस्सा खाल्ला. विशेष कांहीं झालें नाहीं असें पाहून दुसऱ्या दिवशीं सकाळीं चौथा हिस्सा खाल्ला. थोड्याच वेळांत डोकें गरगरूं लागलें, हातपाय ऐकेनासे झाले. तेव्हां दाढी करून उरलेलें साबणाचें पाणी त्यांनीं पिऊन टाकलें व वांती करून घेतली. पुढें तास दोन तास ते निश्चल पडून होते, पण बुद्धि शेवटपर्यंत जागी होती. या वृत्तान्तांतील एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. पाव बी खाल्लेल्या एका निर्दोष, निर्भय व विषशास्त्रांत निष्णात मनुष्यास वांती आपोआप झाली नाहीं. ती त्यास मुद्दाम आणावी लागली.

बिया एडिंबर्गांत रुजल्या, पण रोपांना फुलें येईनात. अखेर कॅलाबारचे मिशनरी विल्यम कूपर थॉमसन यांनीं १८५९ सालीं फुलांसह नमुने पाठविले, त्यांवरून बाल्फोर यांनीं वर्णन लिहिलें. याच थॉमसन यांच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ बाल्फोर यांनीं त्याच रानांतील दुसऱ्या एका वेलीस 'क्लेरोडेंड्रम थॉमसोनी' असें नांव दिलें. पांढऱ्या फुगीर कोशांतून लालभडक फूल बाहेर डोकावणारी ती वेल आज आपल्याकडील बागांतून व ओसऱ्यांवर शोभेसाठीं लावितात. एकाच रानांतून निघालेल्या दोन वेलींपैकीं एक आमच्या दारीं आली व दुसरी औषधालयांत गेली.

औषधालयांतील इतिहास थोडक्यांत असा. टॉमस रिचर्ड फ्रेझर यांनीं १८६२ सालीं एडिंबर्गास या बीवर प्रबंध लिहून सुवर्णपदक मिळविलें. तिच्या अर्कानें डोळ्याची बाहुली आकुंचन पावते हें त्यांत दाखविलें होतें. त्यांनीं हें डग्लस आर्गाइल रॉबर्टसन या नेत्रवैद्यांस सांगितलें, व रॉबर्टसन यांनीं स्वतःच्या डोळ्यांत अर्क घालून पाहून १८६३ सालीं तें प्रसिद्ध केलें. धोत्र्याच्या जातीच्या विषांनीं बाहुली विस्तारते. हें विष नेमकें त्याच्या उलट. १८६४ सालीं प्राग येथें अॅट्रोपीन पिऊन विषबाधा झालेल्या कैद्यांस याच बीचा अर्क उतारा म्हणून देण्यांत आला. त्याच वर्षीं योब्स्ट व हेसे यांनीं बींतील सत्त्व वेगळें केलें, आणि १८६५ सालीं व्हे यानें तें स्फटिकरूपानें काढून त्यास 'एसेरीन' असें, एफिकांच्या शब्दावरून, नांव दिलें. १८७६ सालीं लाक्यूर यांनीं तें काचबिंदूवर वापरलें. १९३४ सालीं मेरी वॉकर यांनीं स्नायूंच्या एका दुर्बलतेवर त्याचा गुण दाखविला. आणि १९३५ सालीं पर्सी ज्युलियन व योसेफ पिक्ल यांनीं तें प्रयोगशाळेंत घडविलें. ज्युलियन हे अमेरिकेंतील गुलाम आफ्रिकनांचे नातू होते. कॅलाबार हें एके काळीं कशाचें बंदर होतें तें वर आलेंच आहे.

यांतील दोघांचा हिंदुस्थानाशीं संबंध आहे. फ्रेझर यांचा जन्म १८४१ सालीं कलकत्त्यास झाला, व १८९८ सालीं प्लेगच्या चौकशीसाठीं सरकारनें जें कमिशन नेमलें त्याचे ते अध्यक्ष होऊन आले. प्लेगच्या त्या दिवसांचीं दप्तरें चाळणाऱ्यांस त्यांचें नांव परिचित असेल. परंतु त्या नांवाची कीर्ति मूळ एका आफ्रिकन बीवर उभी आहे हें सहसा माहीत नसतें. रॉबर्टसन हे गोंडळचे ठाकोर भगवतसिंहजी यांचे स्नेही. भगवतसिंहजींनीं एडिंबर्गास वैद्यकाचें अध्ययन केलें होतें. रॉबर्टसन त्यांच्या भेटीस आले असतां जानेवारी १९०९ मध्यें गोंडळ येथेंच वारले. त्यांचें दहन झालें व चितेस अग्नि स्वतः ठाकोरांनीं दिला.

असो. आतां त्या रूढ समजुतीकडे वळूं. ती अशी : निर्दोष मनुष्य मनानें निःशंक असतो, म्हणून तो विष एकदम घटाघटा पितो, त्यामुळें पोट तें फेंकून देतें व तो वांचतो. दोषी मनुष्य भीतीनें थोडें थोडें घेतो. त्यामुळें तें अंगांत भिनतें व तो मरतो. म्हणून या दिव्यांत कांहीं तरी खरा न्याय होता. हें स्पष्टीकरण ऐकावयास गोड आहे, व विद्वानांच्या पुस्तकांतूनहि तें आढळतें. परंतु आरोप कसला होता तें पाहा. आरोप चोरीचा नव्हता, कर्जाचा नव्हता. चेटकानें मनुष्य मारल्याचा होता. आर्चिबाँग राजास चेटकानें कोणीच मारलें नव्हतें. त्याच्या मृत्यूनंतर ज्यांस एसेरे दिली ते वांचलेले व मेलेले सर्व सारखेच निर्दोष होते. जेथें दोषीच नाहीं तेथें दोष्यानें हळू पिण्याचा संबंध काय? भीति म्हणाल तर ती निर्दोषासहि असतेच, किंबहुना अधिक असते.

दुसरा पुरावा लिव्हरपूलचा. १८६४ सालीं आफ्रिकेहून आलेल्या एका जहाजांतील झाडलोटींत या बिया होत्या, ती उकिरड्यावर टाकली गेली, व रस्त्यावरच्या पोरांनीं त्या वेंचून खाल्ल्या. त्यांच्यावर आरोप नव्हता, मनांत शंका नव्हती. बहुतेकांस वांत्या होऊन तीं वांचलीं; एक मुलगा मेला. बी किती पोटांत गेली व किती पडली एवढाच काय तो भेद. कॅलाबारांतहि बिया किती घ्यावयाच्या, कुटावयाच्या कीं सबंध द्यावयाच्या, हें आरोपी ठरवीत नसे.

येथें आमच्या स्मृतिकारांचें साक्ष्य उपयोगी पडतें. याज्ञवल्क्यस्मृतींत विषदिव्याचा विधि असा : आरोपीनें विषास ब्रह्मदेवाचा पुत्र म्हणून संबोधून प्रार्थना करावी, मग हिमालयांतील शार्ङ्ग विष खावें, तें वेगावांचून जिरलें तर त्यास शुद्ध समजावें. मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें इतर स्मृतींच्या आधारें तपशील भरला आहे. विष बारीक वाटून तिसपट तुपांत कालवावें, सकाळीं व थंड जागीं द्यावें. मात्रा ऋतुमानानें कमी-अधिक, वर्षांत चार यव, ग्रीष्मांत पांच, हेमंतांत सात. पांचशें टाळ्या वाजविण्याइतका काळ विकार न दिसला म्हणजे मनुष्य शुद्ध ठरला, आणि मग त्याची चिकित्सा करावी. वाचकांनीं लक्ष द्यावें कीं, येथें खूण अगदीं उलटी आहे. कॅलाबारांत विष पडलें तर मनुष्य सुटे. आमच्याकडे विष जिरलें तर सुटे. वांती हा आयुर्वेदांत विषवेगाचाच एक विकार असल्यामुळें, जी गोष्ट क्रॉस नदीच्या कांठीं निर्दोषतेचें चिन्ह, तीच येथें दोषाचें चिन्ह ठरावयाची. निर्मळ मनाचा परिणाम पोटावर होतो हा जर सृष्टिनियम असता, तर दोन समाजांनीं त्याची साक्ष परस्परविरुद्ध कशी वाचली असती?

एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. मात्रेची मर्यादा, तुपाचें अनुपान, शेवटीं चिकित्सा, आणि हजार पणांच्या आंतील वादांत विष देऊं नये हा निर्बंध, हें सर्व पाहून आमच्यांतील कांहीं जण आपला विधि किती दयाळू होता असें म्हणूं लागतील. ती तुलना न्याय्य नव्हे. एका बाजूस पोथी व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष व्यवहार ठेवून तराजू धरतां येत नाहीं. शिवाय त्याच स्मृतींत स्त्रिया, बालक, वृद्ध, रोगी व ब्राह्मण यांस तुला सांगितली असून सात यव विष शूद्रास सांगितलें आहे, हेंहि विसरतां कामा नये. काशीचे न्यायाधीश अली इब्राहीम खान यांनीं दिव्यांवर लिहिलेला निबंध 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७८८ सालच्या पहिल्या खंडांत आहे. त्यांत विषदिव्याचा विधि दिलेला आहे. पण १७८३ सालीं त्यांनीं स्वतः पाहिलेलें म्हणून जें वर्णिलें तें तापलेल्या लोखंडाचें. विष त्यांच्याहि निबंधांत पोथींतलेंच राहिलें.

कॅलाबारांतील दिव्य केवळ उपदेशानें बंद झालें नाहीं. १८५० सालीं अंत्यविधींतील नरबलि बंद करण्याचा ठराव तेथील प्रमुखांनीं केला, तरी एसेरे चालूच राहिली. १८५२ चा प्रसंग त्यानंतरचाच आहे. पुढें १८७८ सालीं इंग्रज वकील हॉपकिन्स याजबरोबर राजे व प्रमुख यांनीं जो करार केला, त्यांत नरबलि, जुळ्या मुलांची हत्या व एसेरे देणें, हीं सर्व निषिद्ध ठरलीं. रानांतील वेल राहिली. ज्यांनीं ती घेऊन प्राण गमावले त्यांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं आहेत. ज्यांनीं तिचें सत्त्व काढलें त्यांचीं नांवें मात्र वर तारीखवार देतां आलीं.

आतां आमच्या संग्राहकांस एक विनंती. व्यवहारमयूखाच्या किंवा मिताक्षरेच्या पोथ्यांत दिव्यप्रकरणाच्या समासांत विषासंबंधीं कांहीं टीप, मात्रेचा हिशेब किंवा स्थानिक नांव आढळल्यास तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. तसेंच देशावरील, कोंकणांतील किंवा गोमंतकांतील एखाद्या निवाडपत्रांत विष पाजून शपथ घेतल्याचा उल्लेख मिळाल्यास, मनुष्य खरा ठरविला तो विष जिरलें म्हणून कीं पडलें म्हणून, हे शब्द विशेष लक्षपूर्वक वाचावे व कागद समग्र प्रसिद्ध करावा.